ढीग थंड होता म्हणे

तुम्ही खोटं बोलताय. "ढीग थंड होता, धोक्याचं कोणतंही चिन्ह आढळलं नव्हतं," असं तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला आहात. ते खोटं आहे आणि ते खोटं आहे हे तुम्हाला माहीत आहे. मुख्य कार्यालयात काचेच्या दालनात बसून ढिगाचा ताप कळत नाही, हे मान्य. पण तुमचा माणूस आमच्याकडे येऊन गेला होता. त्याची जीभ भाजली होती. थंड ढिगानं कुणाची जीभ भाजत नाही.

मी चाळणीवर काम करते. ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तुमच्यासाठी नाही. आमच्याकडे लाकूड जाळून पाणी तापवतात आणि ते रस्त्यांखालच्या नळांतून घराघरांत फिरवतात. थंडीत अख्खं गाव त्याच्यावर जगतं. ट्रकनं लाकडाच्या ढलप्या येतात, आवारात ओतल्या जातात, त्यांचा ढीग होतो. ढिगातून पट्ट्यावर, पट्ट्यावरून माझ्या चाळणीवर, चाळणीतून बॉयलरच्या तोंडात. मी दगड, खिळे, तारा वेचते. ढिगावर लोडर चालवतो माझा धाकटा भाऊ. ढलप्या वर ढकलायच्या, चाकांनी दाबायच्या, की पुन्हा ढकलायच्या. तो सदा ढिगाच्या माथ्यावर असतो म्हणून सगळे त्याला 'वरचा' म्हणतात. मुकादम सकाळी आल्या आल्या विचारतो, "वरच्याची कृपा आहे ना आज?" आणि भाऊ वरून हात दाखवून आशीर्वाद देतो. आशीर्वाद देणाऱ्याला खाली काय चाललंय ते कळत नाही, ही जगाची रीतच आहे.

ढिगावर गाडी चढवू नये, असं तेव्हा कुणीही म्हटलेलं नव्हतं. उलट आवार लहान, ट्रक जास्त, म्हणून उंच करा, दाबा, अजून दाबा, हे तुमच्याच तोंडचं.

आधी बरं होतं. आधी लाकूड गिरण्यांमधून यायचं. कोरडं, स्वच्छ, काप काढल्यावर उरलेलं. मग गिरण्यांनी स्वतःचंच लाकूड स्वतः जाळायला सुरुवात केली आणि तुमची नजर नदीकाठच्या पट्टीवर गेली. तिथं पडलेली झाडं होती, वर्षानुवर्षांचा पाला होता, बोटानं दाबलं तर पिठासारखी होणारी खोडं होती. तुम्ही त्याला नाव दिलं 'टाकाऊ जैवभार'. कुणी टाकला होता तो? झाडानं टाकला होता, स्वतःच्याच पायाशी, स्वतःसाठी. दुसऱ्याच्या ताटातलं उचलायचं आणि वर त्याला उष्टं म्हणायचं, याला कोडगेपणा म्हणतात.

ते सगळं माझ्या चाळणीवर आलं. पांढऱ्या जाड अळ्या, गोगलगायी, गांडुळं, अळंब्या, थंडीत निजलेले बेडूक. पाखरं चाळणीवर तुटून पडायची, हाताला चोची मारायची. मी बेडूक बादलीत काढून ठेवायची आणि सुट्टीत नदीवर सोडून यायची.

मुकादम म्हणाला, "बाई, तुमचं हे चाळण खातं आहे की प्राणिसंग्रहालय?"

"संग्रहालयात तिकीट असतं. तुम्ही फुकट बघताय," मी म्हणाले.

"मग पगार मागा बेडकांकडं."

हसलो आम्ही. पण बेडूक सोडायला जायची तेव्हा पट्टी बघवायची नाही. खरवडल्यासारखी उघडी माती. पहिल्याच जोराच्या पावसात काठ सुटला आणि नदीकडची पायवाट पाण्यात गेली. पाणी बरेच दिवस गढूळ वाहिलं. तेही 'धोक्याचं चिन्ह' तुम्हाला दिसलं नसणार, कारण ती पायवाट तुमच्या पायाखालची नव्हती.

आता डब्यांचं सांगते.

नदीकाठचा माल आला तसा ढीग ऊब धरायला लागला. पहाटे त्याच्यातून वाफ निघायची. थंडीचे दिवस, आमच्या खोलीत शेगडी नाही, गार जेवण घशाखाली उतरत नाही. एके दिवशी बॉयलरवाल्या काकांनी सळईनं ढिगाच्या कडेला भोक पाडलं, डबा कापडात बांधून आत सरकवला, आणि दुपारी बाहेर काढला तर झाकणाला पाणी सुटलेलं. मग काय, सगळ्यांचीच चंगळ. सकाळी आल्यावर आधी डबा पुरायचा, मग हजेरी. प्रत्येकाचं भोक ठरलेलं. दुसऱ्याच्या भोकात डबा घातला तर भांडण.

काही आठवड्यांत डबा नुसता कोमट नाही, चटके देणारा गरम निघायला लागला. मग काकांनी कच्ची अंडी पुरून बघितली. दुपारी फोडली तर आत पांढरं घट्ट.

"ढिगाला आता स्वयंपाक यायला लागला," काका म्हणाले. "लग्नाचा झाला."

"मग स्थळ बघा," भाऊ म्हणाला. "वजनदार आहे, शांत आहे, उलट बोलत नाही."

"आणि आतल्या आत धुमसतो. नवरा म्हणून शंभर टक्के पास," मी म्हणाले.

हे असं चाललं होतं. ढीग तापतोय हे आम्हाला कळत होतं, नाही असं नाही. पण आम्ही ते जिभेनं मोजत होतो. जेवण जितकं गरम तितका ढीग चांगला. थंडीत राबणाऱ्या उपाशी माणसांनी दुसरं काय मोजायचं? आणि तुमचे साहेब आले तेव्हा त्यांनीही तेच केलं. त्यांच्याकडे तापमान बघायचं यंत्र होतं. ते त्यांनी ढिगाच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या बाजूला, मनगटभर आत खुपसलं आणि समाधानानं मान डोलावली. मग काकांनी ढिगात भाजलेला बटाटा त्यांच्या हातावर ठेवला. साहेबांनी चावला, तोंड उघडं ठेवून फू फू केलं, डोळ्यांत पाणी आलं. सगळे हसले, साहेबही हसले. "ही तर फुकटची ऊर्जा," म्हणाले, आणि बटाट्याबरोबर फोटो काढून घेतला.

बटाटा गेला घशाखाली, अक्कल राहिली वर.

त्यानंतर एके दिवशी दुपारी तुमचे पाहुणे येणार होते. हरित केंद्र बघायला. तुमचा हुकूम आदल्या रात्रीच आला: ढिगातून वाफ दिसता कामा नये, बघणाऱ्यांचा गैरसमज होतो. नव्या हिरव्या मालाचा थर वरून पसरा, नीट दाबा, ढीग देखणा करा. भाऊ तांबडं फुटायच्या आत वर चढला होता.

मला सकाळपासून चैन नव्हती. कशानं ते सांगता येईना. वास बदलला होता. रोज ढिगाला आंबट, ओल्या तंबाखूसारखा वास यायचा. त्या दिवशी साखर करपल्यासारखा येत होता. चाळणीपाशी उभी राहिले तर पाय एका जागी ठरेनात. एक खिळा वेचला आणि हातातच धरून राहिले. दोनदा आवारात जाऊन आले, परत आले, पुन्हा गेले. काका म्हणाले, "पोरी, विंचू चावला की काय?"

"काका, वास येतोय."

"रोजच येतो."

"हा रोजचा नाही."

काकांनी नाक वर केलं, हुंगलं, आणि म्हणाले, "माझं नाक बॉयलरनं कधीच खाल्लंय. मला विचारू नकोस."

आमचे दोघांचे डबे पुरायचे राहिले होते. मी सळई घेतली. रोज सळई आत जाताना अंग घुसळावं लागतं, ढलप्या दातांसारख्या धरून ठेवतात. त्या दिवशी वीतभर गेली आणि मग एकदम सुटली. माझी मूठ ढिगाला आपटली. आत काहीच नव्हतं. मी सळई हलवली, इकडे, तिकडे. कशालाच लागेना. बाहेर काढली तर टोकाजवळ हात धरवेना.

तरी सवय बघा. सवयीनं मी भावाचा डबा भोकात सरकवला. कापडाची गाठ बोटांतून निसटली, आणि डबा गेला. सरकला नाही, पडला. खोलवर कुठंतरी भांडं आपटल्याचा आवाज आला. भोकाच्या तोंडावर माझ्या चेहऱ्याला गरम वारा लागला, भट्टीचं दार उघडल्यावर लागतो तसा.

मी मान वर केली. वर, त्याच जागेच्या वर, लोडर गुरगुरत होता. ढिगाच्या कडेवरून बारीक ढलप्या घरंगळून माझ्या पायाशी येत होत्या.

मी मुकादमाकडे धावले. म्हटलं, ढीग आतून पोकळ झालाय, लोडर खाली आणा. तो कागदी फुलं लावत होता दाराला, पाहुण्यांसाठी. म्हणाला, "बाई, पाहुणे जाऊ द्या, मग बघू."

"पाहुणे येईपर्यंत भाऊ राहिला पाहिजे."

माझं तोंड बघून त्यानं तुमच्याकडे फोन लावला आणि फोनचा आवाज मोठा केला; काकाही माझ्यामागून आले होते. बटाटेवाले साहेबच होते. शांत, समजावणीचा आवाज. "सेंद्रिय पदार्थ आहे, थोडी ऊब धरणारच. पाणी मारा वरून. आणि काम थांबवू नका, घरांना उष्णता कमी पडेल."

मी म्हटलं, "साहेब, आत डबा पडला."

मग ते म्हणाले, "डबा भरून मिळेल."

हे वाक्य तुमच्यापैकी कुणी नाकारणार असेल तर माझ्या समोर येऊन नाकारावं. मुकादमानं ऐकलंय, काकांनी ऐकलंय.

मी आवारात गेले आणि हात हलवून भावाला खाली ये म्हणून खुणावलं. इंजिनाच्या आवाजात माझा आवाज पोचत नव्हता. त्याचं लक्ष गेलं. त्यानं पाच बोटं एकत्र करून तोंडाकडे नेली आणि भुवया उडवल्या: जेवण झालं का गरम? मी मान हलवली, नाही नाही, खाली ये. तो हसला, अंगठा दाखवला, आणि आणखी एक फेरी मारायला लोडर वळवला. दर दुपारी मी त्याला असंच बोलवायची. ढिगाच्या पायथ्याशी उभी राहून हात करणारी बहीण म्हणजे जेवण, दुसरं काही नाही. आमच्याकडे धोक्याची वेगळी खूणच नव्हती.

तेव्हा मी पट्ट्याची दोरी ओढली.

दोरी ओढली की पट्टा थांबतो, भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी जिथं आहे तिथं थांबायचं असतं. भोंगा वाजला. भाऊ थांबला, इंजिन मंद केलं. खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"ताई, काय झालं? हात गेला का कुणाचा?"

"मशीन तिथंच सोड आणि चालत खाली ये. कडेकडेनं. उडी मारू नकोस."

"वेड लागलंय का तुला? मशीन सोडून आलो तर मला घरी बसवतील."

"घरी बसलास तर मी पोसेन."

"तू? तुझा डबा मीच संपवतो रोज."

"अरे, आत जागा पोकळ आहे. सळई बुडाली. तुझा डबा आत पडला."

डब्याचं ऐकून त्याचा चेहरा बदलला. पोकळ म्हटल्यावर नाही बदलला, डबा पडला म्हटल्यावर बदलला. आमच्या भाषेत ते कळण्यासारखं होतं. पण मशीन त्याला सोडवेना. तुमची भीती त्याला ढिगापेक्षा मोठी होती. त्यानं लोडर सावकाश मागे घ्यायला सुरुवात केली, आल्या वाटेनं, आणि मागचं डावं चाक खाली गेलं.

स्फोट नाही, गडगडाट नाही. एक उसासा आला, म्हशीनं पाण्यात बसताना सोडावा तसा. लोडर मागे कलला, कलतच राहिला, आणि चाकाच्या बाजूनं पिवळा धूर वर आला. भाऊ खिडकीतून निघाला, पोटावर घसरला, उतारावर उभा राहायला गेला आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. माझ्याकडे बघत राहिला. काका आणि मी पोटावर सरपटत गेलो, सळई आडवी टाकली, त्यानं धरली, आम्ही ओढला. बुटाचा तळवा मऊ होऊन लोंबत होता. नडगीची कातडी मोज्याबरोबर निघाली.

मग ढिगाला वारा मिळाला आणि तो पेटला.

अग्निशमनवाल्यांनी तो विझवला नाही, उपसला. पाणी मारून विझत नाही म्हणाले, पाण्यानं आणखी तापतो, फोडून पसरावाच लागतो. त्यांच्यातल्या एकानं मला हात शेकत शेकत सांगितलं. कुजणं म्हणजे खाणंच. बारीक जीव लाकूड खातात, खाताना ऊब सोडतात. नदीकाठी ती जेवणावळ पातळ पसरलेली असते, ऊब मातीत मुरते, कुणाला चटका बसत नाही आणि मातीचं पोट भरतं. इथं तीच पंगत उचलून एका खोलीत कोंबली, वरून चाकांनी दाबली आणि दार लावून घेतलं. पेटणार नाही तर काय होईल?

नदीकाठच्या मातीचं जेवण काढून घेतलंत, आणि ज्या घरांसाठी काढलंत ती घरंही गारठली. ढीग उपसून होईपर्यंत बॉयलर बंद होता. आमची आई दुसऱ्या मजल्यावर त्या गरम पाण्याच्या नळाला पाय लावून बसते, तिचे गुडघे त्या नळावर चालतात. तिला मी होते नव्हते ते सगळे कपडे घातले. जिन्यात शेजारीण म्हणाली, "तुझ्या एका दोरीनं सगळी इमारत काकडली." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? तिचं तान्हं मूल आहे. आईनं आतून ऐकलं आणि मोठ्यानं म्हणाली, "काकडलेलं माणूस ऊब आली की उठतं, जळालेलं उठत नाही." शेजारणीनं दार लावून घेतलं. अजून बोलत नाही.

आणि तुम्ही काय केलंत? ढीग निवल्यानंतर आवारात पाटी लावलीत: 'ढिगावर वाहन नेण्यास सक्त मनाई'. भाऊ कुबडी घेऊन जबानी द्यायला आला तेव्हा त्याची बाही त्या पाटीला लागली आणि बाहीवर लाल रंग उतरला. ओला होता. त्याच दुपारी तुम्ही त्याला विचारलंत, मनाई असताना लोडर वर का नेला? आणि मला विचारलंत, परवानगीशिवाय पट्टा का थांबवला? बाहीवरचा रंग त्यानं तुमच्यासमोर धरला होता. तुमच्यापैकी एकानं त्याला पुसायला कागद दिला.

आता नवा ढीग उभा राहतोय. त्याच जागी. माल नदीच्या पलीकडच्या काठचा येतोय, मी चाळणीवर बघते, तेच बेडूक, त्याच अळ्या. भावाची नडगी भरलीय, कातडी गुलाबी आहे, ऊन लागलं की चुरचुरते. काल मुकादम घरी आला, आईच्या तब्येतीची चौकशी केली, आणि उठताना, चपला घालता घालता भावाला म्हणाला, "उद्यापासून ये. माल फार झालाय. जरा वर नेऊन दाबून घे."

मी म्हटलं, "पाटीचं काय?"

"पाटी आहेच की," मुकादम म्हणाला. "पाटी कुठं जातेय?"

तो गेल्यावर मी भावाला म्हटलं, "जाऊ नकोस."

"मी नाही गेलो तर दुसरा कुणी जाईल. त्याला बहीण असेलच असं नाही."

"मी खाली उभी राहून काय काय बघू? चाळण बघू, ढीग बघू, की तुला बघू?"

"पाटी खाली आहे, मी वर असतो," तो हसून म्हणाला. "मला कुठं दिसतेय?" आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिथंच हात ठेवून बसली.

मला रात्रभर बसवलं नाही, निजवलं नाही. म्हणून हे तुम्हाला तोंडावर विचारते, आणि उत्तर पाटीवर रंगवून नको, मुकादमाच्या चपलांच्या आवाजात दडवून नको. लोडर ढिगावर चढवायचा हुकूम कुणाचा आहे? ज्याचा असेल त्यानं समोर येऊन आपल्या तोंडानं सांगावं. आणि नसेल कुणाचा, तर तेही तितक्याच स्पष्टपणे माझ्या भावाला सांगा, तो किल्ली फिरवायच्या आधी. तो निघालाय. बूट घालतोय. चढायचं की नाही? बोला.